अंगणात वळलेला दोर

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांचे पणजोबासुद्धा अजून रांगत होते त्या काळी, एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं नाव मला विचारू नका. ज्यांनी मला गोष्ट सांगितली त्यांनी ते सांगितलं नाही, आणि मी गोष्ट ऐकण्यात इतका गुंगलो की विचारायचं राहून गेलं.

या गावात गेनू नावाचा एक माणूस राहायचा. तानी त्याची बायको. सहा वर्षांची बकुळा आणि अडीच वर्षांचा म्हाळू ही त्यांची पोरं. शिवाय गोठ्यात एक म्हातारा बैल होता. त्याचं एक शिंग वाकडं, म्हणून सगळे त्याला वाकड्याच म्हणायचे. हा बैल बोलायचा. आता हसू नका. त्या काळचे बैल बोलायचे. पुढे माणसंच फार बोलायला लागली, तेव्हा बैलांनी नाद सोडून दिला.

गेनू मिठाच्या तांड्याबरोबर जायचा. तीनशे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादायच्या, घाट चढायचा, वरच्या मुलखात मीठ देऊन धान्य घ्यायचं आणि पुन्हा खाली यायचं. कार्तिकी पौर्णिमेला निघालेला गेनू पेरणीच्या तोंडावर घरी यायचा. त्याबद्दल त्याला वर्षभराचं धान्य मिळायचं. खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण वर्षातले सात महिने घरात बाप नसायचा.

त्या वर्षी गेनू परतला, ओसरीवर उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, "म्हाळू!" म्हाळूनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तुरुतुरु आत पळाला आणि ओरडला, "आई, पाहुणा आलाय! पाणी दे!"

गेनू खो खो हसला. मग ओसरीच्या कडेला टेकला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. बिचाऱ्या म्हाळूला कळेना, पाहुणा रडतोय कशाला. त्यानं आपल्या हातातला गुळाचा खडा त्याला देऊन टाकला.

जेवणं झाल्यावर गेनू म्हणाला, "तानी, यंदा मी विडा उचलणार नाही."

विडा म्हणजे काय, ते सांगतो. दसऱ्याच्या दिवशी तांड्याचा नाईक गावात यायचा आणि पारावर विड्यांचं ताट ठेवायचा. ज्याला तांड्याबरोबर जायचं असेल त्यानं एक विडा उचलायचा. विडा उचलला की शब्द दिला. मग घरी कुणी आजारी असो की लग्नकार्य असो, माघार नाही.

तानी म्हणाली, "तुम्ही जावं असं मला वाटतं होय? पण शेत ना वावर. खायचं काय आपण?"

"घरी राहून काहीतरी करू."

"काय करू?"

"ते अजून ठरलं नाही," गेनू म्हणाला.

आता या गावाची एक खोड होती. वेशीबाहेर जाऊन केलं तर ते काम. अंगणात बसून केलं तर ते नुसतं वेळ घालवणं. कुणी शेजारणीला गोधडी शिवून दिली, कुणी खाट विणून दिली, तर त्याचं मोल कुणी मागायचं नाही आणि कुणी द्यायचंही नाही. "घरीच तर होतीस, केलंस तर काय बिघडलं?" असं म्हणायचं आणि गोधडी उचलून चालू पडायचं. मागणाऱ्याला लाज वाटावी, अशी तिथली रीत. शहाणी माणसं होती हो, पण शहाण्या माणसांनाही एखादी खोड असतेच.

भाद्रपदात एक दिवस गावात दोन गाढवं घेऊन एक माणूस आला. डोक्याला रेशमी पागोटं, बोटांत पाच अंगठ्या, आणि बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. तो पारावर चढून म्हणाला, "मायबापहो, उंबरा ओलांडू नका! पोरांना मांडीवर घ्या आणि घरबसल्या कमवा! राणीसाहेबांच्या महालात लाख दिवे लागायचेत. त्यांना फुलवाती हव्यात. हजार वातींना पायलीभर गहू!"

साऱ्या गावानं कान टवकारले. राजवाड्याचं काम म्हणजे वेशीबाहेरचं काम, आणि करायचं मात्र घरात. याहून छान ते काय?

"एकच अट," पागोटेवाला म्हणाला. "कापूस राणीसाहेबांचा आहे. तेव्हा घरटी एक तांब्याचं भांडं अनामत ठेवावं लागेल. ही एक नमुन्याची वात घ्या. हिच्यासारख्या वाती पसंत पडल्या की भांडं परत आणि गहू वर."

बारा घरांनी भांडी दिली. तानीनं तिच्या लग्नातलं घंगाळ दिलं. देताना तिनं ते पदरानं पुसलं. पागोटेवाल्यानं कापसाची टोपली तिच्या पुढ्यात ठेवली, पंधरा दिवसांचा वायदा केला आणि गाढवं हाकत निघून गेला. गोठ्यातून वाकड्या सगळं पाहत होता. तो रवंथ करत राहिला, बोलला मात्र नाही.

मग काय विचारता! सकाळ झाली की वाती, दुपार झाली की वाती. तानीची बोटं भराभर चालायची. गेनूची बोटं मात्र दोर वळून वळून राठ झालेली. त्याची वात उंदराच्या शेपटीसारखी व्हायची, की तानी ती उलगडायची आणि पुन्हा वळायची. पिठलं करपायचं. बकुळेची वेणी दोन दोन दिवस घातली जायची नाही. म्हाळू जवळ आला की, "हात लावू नकोस! कापूस मळेल!" असं दोघंही एकदम ओरडायची.

एके दिवशी शेजारच्या बायजाकाकू विस्तव मागायला आल्या. म्हाळू दारात एकटाच दगड मांडत बसला होता. काकूंनी विचारलं, "काय रे म्हाळू, घरात कोण आहे?"

"कुणी नाही," म्हाळू म्हणाला.

आत आई होती. बापही होता. दोघांनी ते ऐकलं. तानीच्या हातातली वात हातातच राहिली. ती उठली, म्हाळूला कडेवर घेऊन तडक गोठ्यात गेली आणि वाकड्याच्या मानेवर डोकं टेकून मुसमुसली.

"चांगलं रडून घे," वाकड्या म्हणाला. "झालं, की एक सांग. मी तांड्यात किती वर्षं ओझी वाहिली?"

"बारा."

"नाईकानं पहिल्या दिवशी मला काम दिलं, तेव्हा माझ्याकडून काय घेतलं?"

"तुझ्याकडून? तुझ्याकडे होतं काय घ्यायला?"

"तेच म्हणतो मी. त्यानं आधी माझ्यापुढे पेंड ठेवली, मग पाठीवर गोणी ठेवली. काम देणारा आधी खायला घालतो, पोरी. तुझा तो पागोटेवाला आधी तुझं घंगाळ घेऊन गेला. राणीच्या घरी काय घंगाळांचा दुष्काळ पडलाय?"

तानीनं डोळे पुसले. "मेल्या, मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"विचारलंस?" वाकड्या म्हणाला आणि कडब्यात तोंड घातलं.

पंधरा दिवसांनी पागोटेवाला हजर झाला. दारोदार जाऊन तो वाती उचलायचा, उजेडात धरायचा आणि चुकचुकायचा. "अरेरे, एक केस जाड! अहो, राणीसाहेब माझं डोकं उडवतील. वाया गेला कापूस! आता या वाती फेकायलाच नेतो, आणि कापसाच्या भरपाईला भांडं राहू दे माझ्याकडे." त्यानं पाच घरच्या वाती आपल्या पोत्यात भरल्या. पाच घरच्या बाया रडायला लागल्या. त्यांना खरंच वाटलं, की आपलंच काम वाईट झालं.

तो तानीच्या अंगणात आला तेव्हा त्याच्यामागे अर्धं गाव होतं. तानीनं टोपली पुढे केली नाही. तिनं चिमटीत धरून एक वात त्याच्या हातावर ठेवली. "आधी ही बघा बरं. पुढच्या याच मापाच्या आहेत."

पागोटेवाल्यानं वात उजेडात धरली. डोळे बारीक केले. "छे छे छे! बाई, ही तर दोन केस जाड! असली वात राणीसाहेबांना दाखवायची म्हणजे..."

"अहो, ती तुम्हीच दिलेली आहे," तानी म्हणाली. "नमुन्याची."

मग बायजाकाकूंना असं हसू फुटलं, की त्यांच्या हातातल्या तांब्यातलं ताक सांडलं. पाठोपाठ सगळं गाव हसलं आणि हसता हसता गावानं पागोटेवाल्याचं पागोटं धरलं. भांडी पलीकडच्या गावच्या धर्मशाळेत दडवली आहेत, हे त्यानं मुकाट्यानं कबूल केलं. गेनू आणि चार गडी जाऊन ती घेऊन आले. वाती सगळ्यांनी देवळात दिल्या. पागोटेवाला गाढवांसकट पळाला, तो नंतर त्या मुलखात कधी दिसला नाही.

घंगाळ घरी आलं, खरं. पण घंगाळ काही शिजवून खाता येत नाही. दसरा दहा दिवसांवर आला होता आणि कणगीचा तळ दिसत होता. गेनू अंगणात बसून दोर वळायला लागला. तांड्याबरोबर जाण्याआधी तो दर वर्षी दोर वळायचा, म्हणून तानीनं काय ते ओळखलं.

गेनूचा दोर कसा, ते ऐका. अंबाडी भिजवून, सोलून तिचा वाख, म्हणजे लांब चिवट धागे, काढायचा. वाख ओला असतानाच तीन पेड वळायचे, ते एकमेकांत पिळायचे आणि वर करंजाच्या तेलाचा हात फिरवायचा. दोराचं एक टोक बकुळेनं धरायचं आणि गोल गोल फिरवायचं. म्हाळूनं मध्येच दोरावर आडवं पडून खिदळायचं. असा दोर पावसात निसटायचा नाही आणि उन्हात तुटायचा नाही.

तांड्यात जाणारे गडी एकेक करून येऊ लागले. "गेनूदादा, माझ्या बैलाला दोन दोर वळून दे रे. बाजारचा टिकत नाही." येताना प्रत्येक जण अंबाडीची पेंढी घेऊन यायचा. गप्पा मारायचा, दोर खांद्यावर टाकायचा आणि निघून जायचा. द्यायची रीतच नव्हती, तर देणार काय?

तानी धान्य पाखडता पाखडता थांबली. सूप तसंच हातात धरून ती गोठ्यात गेली. "वाकड्या, या खेपेला आधीच विचारते. आम्ही काय करू?"

"मला काय विचारतेस? दारात बघ," वाकड्या म्हणाला. "त्या पागोट्याच्या मागे गाव धावलं होतं. इथे न बोलावता माणसं येतायत, आणि हातात काहीतरी घेऊन येतायत."

"पण अंगणातल्या कामाचं मोल कसं मागायचं? लोक हसतील."

"बाजारचा दोर काय झाडाला लागतो?" वाकड्या फुरफुरला. "जा आता. मला झोपू दे."

दसरा उजाडला. पारावर विड्यांचं ताट आलं. तांड्याचा नाईक म्हणजे भलादांडगा गडी, आवाज ढोलासारखा, हाताला थोडा चिकट, पण शब्दाला पक्का. एकेक गडी पुढे होऊन विडा उचलत होता. गेनूची पाळी आली. तो ताटापुढे उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"नाईक, यंदा मला जमायचं नाही. माझा पोरगा मला ओळखत नाही."

"अरे, पोरं विसरतात आणि पुन्हा ओळखतात!" नाईक गरजला. "वरच्या वळणावर ओझी कोण आवळणार? गेल्या साली माझ्या अकरा गोण्या दरीत गेल्या. त्यांतली एक तरी तुझ्या दोराची होती का? चल, उचल विडा. घरी बसून पोरांना काय मीठ चाटवशील?"

गेनू मान खाली घालून उभा राहिला. रिकामी कणगी त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याचा उजवा हात हळूहळू ताटाकडे जायला लागला. तानीनं ते पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून ती सरळ पुढे आली आणि खांद्यावरची दोराची वेटोळी तिनं ताटाशेजारी ठेवली.

"नाईक, माणूस येणार नाही. दोर येतील."

"म्हणजे?"

"तुमच्या तीनशे बैलांना आम्ही दोर वळून देऊ. तुम्ही आम्हाला धान्य द्या."

पारावरचे म्हातारे पुटपुटले, "अंगणात वळलेल्या दोराचं मोल? लाज आणलीस, तानी!"

तानीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. "बाजारातून दोर आणता, त्याचं मोल देता ना? तो कुणी आभाळात बसून वळला? तोही कुणाच्या तरी अंगणातच वळला असेल. त्या अंगणाला मोल आहे, आणि आमच्या अंगणाला का नाही?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाईकानं मिशीवरून हात फिरवला. "बोलणं ठीक आहे, बाई. पण मी बोलण्यानं गोण्या बांधत नाही. बघू तुझा दोर."

त्यानं बाजारचा दोर आणि गेनूचा दोर एकमेकांना गाठ मारून बांधले. एका बाजूला आठ गडी, दुसऱ्या बाजूला आठ गडी. नाईक स्वतः बाजारच्या दोराकडे लागला, कारण त्याचे त्यानं दाम मोजले होते. "हं, ओढा!" सगळ्यांनी टाचा रोवल्या. दोर ताणला, कुरकुरला, आणि तटकन तुटला. दोन्हीकडचे सतराच्या सतरा जण पाठीवर पडले. नाईकाचं मुंडासं घरंगळत शेळीपाशी गेलं. गेनूचा दोर शाबूत होता.

गाव पोट धरून हसलं. नाईकही हसला. धोतर झटकत उठला आणि म्हणाला, "बैलामागे दोन, असे सहाशे दोर. पौर्णिमेच्या आत."

"सहाशे?" गेनूला ठसका लागला.

"अंबाडी उद्या सकाळी गाडीनं पाठवतो. निम्मं धान्य आता, निम्मं काम झाल्यावर."

तानीनं मुद्दाम विचारलं, "आणि अनामत काय ठेवायची?"

"अनामत?" नाईकाच्या भुवया कपाळात गेल्या. "बाई, मी तुला काम देतोय. तुझ्याकडून अनामत कसली घेऊ?"

तानीनं गेनूकडे पाहिलं, आणि दोघांनाही इतकं हसू आलं की नाईकाला वाटलं, आपल्या तोंडाला शेण लागलंय.

दुसऱ्या दिवशी अंबाडी आली, सोबत जोंधळ्याची पोती आली. एकट्या घराला सहाशे दोर होणारे नव्हते. तानीनं शेजारपाजारच्यांना बोलावलं. बायजाकाकू वाख काढायला बसल्या, आणखी चार घरं पेड वळायला लागली. संध्याकाळी तानी प्रत्येकीच्या पदरात जोंधळे घालायची. पहिल्या दिवशी बायजाकाकू लाजून मागे सरल्या. "अगं, मी तर नुसती बसले होते!"

"बसून काम केलंत, काकू. पदर धरा," तानी म्हणाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. म्हाळूनं एकदा वीस दोरांचा असा गुंता केला, की तो सोडवण्यात अर्धा दिवस गेला. गेनू चिडला, तानी चिडली, बकुळा दोघांवर चिडली. पण वातींच्या वेळची चूक तानीनं पुन्हा होऊ दिली नाही. गुरं रानातून परतली की काम बंद. मग वेणी, मग गोष्टी, मग गरम भाकरी. कुणी कितीही घाई केली तरी हा नियम मोडायचा नाही. सहाशेवा दोर पौर्णिमेच्या दोन दिवस आधी झाला.

कार्तिकी पौर्णिमेला तांडा निघाला. सगळं गाव वेशीवर जमलं. गेनू म्हाळूला खांद्यावर घेऊन उभा होता. बैलामागून बैल जात होते आणि प्रत्येक गोणीवर त्याचा दोर आवळलेला होता. घंटा वाजायला लागल्या, तसे त्याचे पाय सवयीनं तांड्यामागे चालू लागले. चार पावलं गेला आणि थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तांड्याच्या मागे उभा राहून तांडा जाताना पाहत होता. त्याला फार बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. तानीनं त्याच्या दंडाला धरलं. "चला. जोंधळे दळायला टाकायचेत." मग चौघं मिळून घरी गेली.

त्या वर्षी नाईकाची एकही गोणी दरीत गेली नाही. त्यानं ही गोष्ट दुसऱ्या तांड्यांना सांगितली आणि पुढल्या साली तीन तांड्यांच्या गाड्या अंबाडी घेऊन गेनूच्या दारात आल्या. हळूहळू त्या गावात गोधडीला मोल आलं, खाटेलाही आलं. दसऱ्याला विडा उचलणारे हात कमी होत गेले, आणि संध्याकाळी अंगणांत बापांचे आवाज ऐकू येऊ लागले.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: काम देण्याआधी जो आपल्याकडूनच घेतो त्याला दारात उभं करू नये, आणि ज्या कामासाठी लोक आपणहून दारात येतात त्याचं मोल मागायला लाजू नये.